६० रुपयांत एक गोलरक्षक

रत्नागिरीच्या बाजारात पावसातून आडोशाला शिरले, तर ते जुन्या पुस्तकांचं दुकान निघालं. ६० रुपयांना आइस हॉकीवरचं जाडजूड पुस्तक घेतलं. मी बर्फ पाहिलाय तो मासळीच्या पेटीतला! पण त्यातला जॉर्ज व्हेझिना डोक्यातून जाईना. माँट्रियल कॅनेडियन्स या कॅनडातल्या संघाचा गोलरक्षक. डोकं इतकं थंड, की त्याच्या गावावरून टोपणनाव पडलं ‘शिकूटिमीची काकडी’. (आमच्याकडे तवसंच म्हटलं असतं.) १९१० पासून १५ वर्षं एकही सामना चुकवला नाही. नोव्हेंबर १९२५ मध्ये तापाने फणफणलेला असतानाच बर्फावर उतरला आणि कोसळला. क्षय. मार्च १९२६ मध्ये गेला, अवघ्या ३९व्या वर्षी.

दुकानदार एक रुपया सोडत नाही, पानांना बुरशीचा वास. दुपारी एक ते चार बंद.