१४५६६ : अत्याचारविरोधी हेल्पलाइन कुठे कामी येते, कुठे कमी पडते

हेट क्राइम म्हणजे नुसता क्रूर गुन्हा नव्हे. मारहाण, जाळपोळ, खून हे गुन्हे आहेतच. पण समोरचा माणूस अमुक जातीचा, धर्माचा किंवा भाषेचा आहे म्हणून त्याला गाठलं, तर तो हेट क्राइम. भारतीय कायद्यात या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. तरी आपण ज्याला नुसतं 'ॲट्रॉसिटी' म्हणतो, तो अनुसूचित जाती-जमातींसाठीचा १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा याच पायावर उभा आहे. १४५६६ ही हेल्पलाइन त्या कायद्यासाठी आणि १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यासाठी आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ती १३ डिसेंबर २०२१ रोजी सुरू केली.

रचना चांगली आहे. कॉल निःशुल्क, चोवीस तास, मोबाइलवरून किंवा लँडलाइनवरून; हिंदी, इंग्रजी आणि राज्याच्या भाषेत बोलण्याची सोय. प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर मिळतो आणि त्यावरून पुढे काय झालं ते पाहता येतं. गावात ठाणे अंमलदार तक्रार घ्यायला टाळाटाळ करत असेल, तेव्हा या नंबरचं मोल फार मोठं असतं. अमुक दिवशी, अमुक वेळी तक्रार सांगितली होती याची सरकारी नोंद तयार होते आणि नंतर 'फिर्यादी उशिरा आला' म्हणायला जागा कमी राहते.

पण डॉकेट नंबर म्हणजे एफआयआर नव्हे. बहुतेकांची गफलत इथेच होते. हेल्पलाइन तक्रार पुढे पाठवते. गुन्हा दाखल होतो तो पोलीस ठाण्यातच. तेव्हा फोन झाल्यावर घरी थांबू नका, त्याच दिवशी ठाण्यात जा. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून जखमांची नोंद करून घ्या. शिवीगाळीची तक्रार अनेकदा एनसीवर, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर, भागवली जाते, ती तशी भागू देऊ नका. ॲट्रॉसिटीचे गुन्हे दखलपात्र आहेत, आणि २०१८ साली घातलेल्या कलम १८-अ प्रमाणे एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तोंडी सांगितलेली फिर्याद सहीआधी वाचून दाखवणं आणि तिची प्रत लगेच देणं हे कलम ४ नुसार अधिकाऱ्याचं कर्तव्यच आहे. 'हद्द आमची नाही' हेही कारण चालत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवता येतो. तरी नकार मिळाला तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, सोबत डॉकेट नंबर लिहा. तिथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

खरी लढाई फिर्यादीच्या मजकुराची असते, आणि तिथे कुठलीही हेल्पलाइन तुमच्या शेजारी बसलेली नसते. 'आरोपीने जातिवाचक शिवीगाळ करून मारहाण केली' हे ठाण्यातलं ठरलेलं वाक्य. कोर्टात ते टिकत नाही. सकाळी किती वाजता, ग्रामपंचायतीच्या नळापाशी की वेशीवर, कोणाकोणासमोर, जातीचं नाव घेऊन नेमके कोणते शब्द उच्चारले, ते जसेच्या तसे यायला हवेत, कितीही घाणेरडे असले तरी. जाहीर अपमानाच्या कलमाला 'लोकांच्या नजरेसमोर' ही अट आहे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या हितेश वर्मा खटल्यात म्हटलं आहे. त्याच निकालाने 'हा जातीचा नाही, जमिनीचा वाद आहे' या बचावालाही बळ दिलं. बांधाचा वाद खरोखर असेल तर तो लपवू नका, पण त्या वादात जात कशी आणि कोणत्या शब्दांत आली, ते ठळक नोंदवा. आणखी एक वाक्य विसरू नका : 'आरोपी आमच्याच गावचा असून त्याला आमची जात माहीत आहे.'

हे वाक्य इतकं का महत्त्वाचं, ते खैरलांजीवरून कळतं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. आरोपींना शिक्षा झाली ती खुनाची. ॲट्रॉसिटीचं कलम सत्र न्यायालयातही टिकलं नाही आणि नागपूर खंडपीठातही. तेव्हाच्या तरतुदीत गुन्हा 'जातीच्या कारणावरून' घडल्याचं सिद्ध करावं लागे, आणि मनातला हेतू सिद्ध करणं फार कठीण. २६ जानेवारी २०१६ पासून गंभीर गुन्ह्यांच्या त्या कलमात पीडिताची जात 'माहीत असताना' केलेला गुन्हा अशी भाषा आली. आरोपीची पीडिताशी किंवा कुटुंबाशी ओळख असेल, तर जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं. नव्हती हे आरोपीने दाखवायचं. हेट क्राइमच्या कायद्यातला हा बदल आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

पुढचा पाठपुरावा तारखा धरून करा. तपास अधिकारी उपअधीक्षक दर्जाखालचा नको. आरोपपत्र ६० दिवसांत. अर्थसाहाय्य गुन्ह्यानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत, टप्प्याटप्प्याने. ही फाईल समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे असते आणि जातीच्या दाखल्यावाचून अडते, तेव्हा तो आधीच काढून ठेवा. जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळणं आणि तिथे म्हणणं मांडणं हा पीडिताचा हक्क आहे (कलम १५-अ). काहीच हललं नाही तर डॉकेट नंबरसह जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीला लिहा. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी.

या सेवेची मोठी मर्यादा म्हणजे ती फक्त अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. धर्म, भाषा किंवा प्रांत पाहून हल्ला झाला तर १४५६६ उपयोगाचा नाही. तिथे ११२ हा आपत्कालीन नंबर आणि जवळचं ठाणं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून केलेल्या खुनासाठी कलम १०३(२) आहे. त्या यादीत धर्माचा उल्लेख नाही, ही आमच्या मते गंभीर उणीव आहे. अशा प्रकरणात फिर्याद देताना 'समुदाय' या शब्दावर बोट ठेवा आणि हल्लेखोरांनी नाव, कपडे किंवा घोषणेवरून माणूस कसा हेरला, ते क्रमाने लिहून घ्या.