आई-नानांना समुद्र दाखवायचाय, क्रूझ घ्यावी की फेरी?

आमच्या मोठ्या भावाचं दोन महिन्यांपासून हेच चाललंय, आई-नानांना एकदा समुद्रात फिरवून आणायचं तर क्रूझ बुक करू की साधी फेरीबोट. दोघांचा जन्म जळगावात गेला, मोठं पाणी म्हणजे तापी एवढंच माहीत.

क्रूझचं आधी सांगतो. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज २०२१ पासून गोवा, लक्षद्वीप वगैरे करतंय. खोली, जेवण, शो सगळं आतच, म्हाताऱ्या माणसांना बॅगा उचलत फिरावं लागत नाही, हा फायदा खरंच मोठा. पण जाहिरातीतल्या रेटवर जाऊ नका, वरून टॅक्स, पोर्ट चार्जेस लागतात, आणि सगळ्यात स्वस्त केबिन घेतली तर तिला खिडकीच नसते, मग समुद्र बघायला दरवेळी डेकवर जायचं. गाव बघायला तर काही तासच मिळतात. आणि आपल्याला खरी भीती रेल्वेची, चेक-इन जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं, गाडी कसाऱ्याला अडकली की पैसे गेलेच, म्हणून आदल्या दिवशीच मुंबई गाठायची, म्हणजे लॉजचा खर्च आला.

फेरीत ही धाकधूक नाही, एक चुकली तर पुढची. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, २०२० पासून चालू आहे, तासाभरात पोचवते, धुळ्याहून स्वतःची गाडी आणली तर गाडीसकट चढायचं. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात मांडव्याला जात नाहीत. घारापुरीला सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.

पण नंदुरबार, अमळनेर, जळगाववाल्यांनी मुंबईच का धरायची? आपल्याला सुरत लाईन आहे ना! सुरतेजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला रो-रो जाते, नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली, रस्त्याने ३७० किलोमीटर पडतं ते समुद्रातून ९० वर येतं, तीन-चार तास लागतात. म्हणजे मांडव्यासारखं बसलो-उतरलो असं होत नाही, पोटभर समुद्र बघून होतो. मळमळ होणाऱ्यांनी गोळी चढायच्या आधीच घ्यावी आणि टायमिंग निघण्याआधी बघून घ्यावं, हवेप्रमाणे बदलतं.

भावाला मी हजिऱ्याचंच सांगितलंय, दिवाळीनंतर. नाना ज्या तापीत पोहायला शिकले ती तिथेच समुद्राला मिळते, ते त्यांना आधी बघू दे, क्रूझचं पुढच्या वर्षी बघू.