पॉली (पॉलिइलेक्ट्रोलाइट, पाण्यातले बारीक कण एकत्र बांधणारं रसायन) टाकल्यावर जोरात ढवळायचं की हळू?
ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटवर, नवीन आलेला पोरगा हमखास विचारतो, आणि खरं सांगायचं तर दोन्ही लागतं, फक्त कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे.

जोरात ढवळण्याचा फायदा एवढाच की पॉली सगळ्या पाण्यात पटकन पसरते. पॉलीचं द्रावण घट्ट असतं, नीट पसरलं नाही तर एका कोपऱ्यातल्या कणांनाच सगळी पॉली चिकटते आणि बाकीचं पाणी गढूळ ते गढूळच, मग आपण डोस वाढवत बसतो. पण हे काम थोड्याच वेळाचं. जार टेस्टला (छोट्या भांड्यांत पाणी घेऊन करायची चाचणी) १००-१५० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) मिनिटभर फिरवलं की बास.

त्यानंतरही जोर चालू ठेवला तर गोची होते, कारण पॉलीची साखळी म्हणजे लांबच लांब दोरा, तो एका कणाला धरून दुसऱ्याला बांधतो आणि जास्त ताणला की तुटतो. फिटकरीचा फ्लॉक (कणांचा जुळलेला पुंजका) फुटला तर थोडाफार परत जुळतो, पण पॉलीचा दोराच तुटला की फ्लॉक पहिल्यासारखा होत नाही. म्हणून नंतर २०-४० आरपीएम, दहा-पंधरा मिनिटं, निवांत.

पॉलीची पावडर भिजवतानाही तेच, पाण्याच्या भोवऱ्यात हळूहळू भुरभुरायची नाहीतर गुठळ्या होतात, आणि पुढे अर्धा-एक तास सावकाश फिरू द्यायची. तयार पॉली सेंट्रिफ्युगल पंपाने ओढणारे पण बघितलेत मी, त्याच्या जोरात फिरणाऱ्या पंख्याने दोरा तुटतो, मग म्हणतात माल खराब आला 😅 सावकाश ढकलणारा स्क्रू पंप लावा की राव.