प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळ, सिंट मार्टेन: अडीच वर्षं वापरल्यावर (आणि एक विमान चुकल्यावर)

गेल्या महिन्यात शनिवारी माझं कुरासाव बेटाचं विमान चुकलं. त्यात विमानतळाची काही चूक नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण खाली बरीच चिडचिड आहे आणि लोक अर्धंच वाचून मत बनवतात. चूक निम्मी माझी, निम्मी एका पुलाची. पुलाबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ खाली जा.

मी मूळचा डोंबिवलीचा, इथे सिंट मार्टेनला, म्हणजे एका कॅरिबियन बेटाच्या डच भागात, फिलिप्सबर्ग गावी फ्रंट स्ट्रीटवर दागिन्यांच्या दुकानात हिशेब बघतो. सेठ सिंधी, त्यांचं दुसरं दुकान कुरासावला, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी स्टॉक मोजायला मला तिकडे पाठवतात. म्हणजे हे विमानतळ मी सुट्टीवर आलेल्या माणसासारखं नाही, डोंबिवली स्टेशनसारखं वापरतो. आत्तापर्यंत अकरा वेळा.

रनवेच्या टोकाचा माहो बीच, तिथे डोक्यावरून जाणारं विमान, हे सगळं तुम्ही व्हिडिओत बघितलेलंच आहे, परत सांगत नाही. केएलएमचं जम्बो २०१६ च्या ऑक्टोबरात बंद झालं, अजून लोक त्याच आशेने येतात. आणि कुंपणाला लटकून जेटचा वारा खाणाऱ्यांनो, तिथे धोक्याची पाटी उगाच लावलेली नाही, २०१७ च्या जुलैत तिथे एका बाईचा जीव गेला. बास.

मी ऑक्टोबर २०२३ मध्ये आलो तेव्हा इमारतीचं काम चालू होतं, बराचसा कारभार तळमजल्यावर दाटीवाटीत. पहिल्या दिवशी मला वाटलं हे काय, एवढं नाव ऐकलं होतं आणि हा तर एसटी स्टँड. मग दुकानातल्या जुन्या लोकांनी इर्माचं सांगितलं. ६ सप्टेंबर २०१७, पाचव्या कॅटेगरीचं वादळ, वारा ताशी २९५ किलोमीटर. टर्मिनल काही जुनाट नव्हतं हो, २००६ मध्ये उघडलेलं, जेमतेम अकरा वर्षांचं. पण छप्पर फाटलं, आत पाणी, मग बुरशी. १० ऑक्टोबरला प्रवासी विमानं परत सुरू झाली तेव्हा चेक-इन तंबूत. तंबूत! २०१८ च्या डिसेंबरात कुठे लोक परत इमारतीत आले, तेही तळमजल्यावर. पुढे नेदरलँड्सने दिलेला आणि वर्ल्ड बँकेने सांभाळलेला निधी, वर युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचं कर्ज, असं जुळवून २०२१ मध्ये खरं काम लागलं. सेठ म्हणतात त्या चार वर्षांत कागद इतके फिरले की तेवढ्यात दुसरं वादळ आलं, कोविडचं.

जानेवारी २०२४ मध्ये डिपार्चर हॉल उघडला आणि मी खरंच गप्प झालो. उंच छत, भरपूर उजेड, बसायला जागा, आणि एसी असा की मला आईने दिलेला स्वेटर पहिल्यांदा कॅरिबियनमध्ये वापरावा लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अधिकृत उद्घाटन झालं. काचेजवळ बसायचं, समोर युरोपहून आलेलं भलंमोठं एअरबस उभं आणि त्याच्या पंखाखालून जाईल असं वाटणारं, शेजारच्या साबा बेटाचं ट्विन ऑटर निघालेलं. एकोणीस-वीस माणसांचं विमान, कारण साबाचा रनवे फक्त ४०० मीटर. मीटर, बरं का! इथलाच साधारण २३०० आहे तर लोक त्याला आखूड म्हणतात. अजून रनवे वाढवायचा म्हटला तरी कुठे वाढवणार, एका टोकाला रस्ता आणि समुद्र, दुसऱ्या टोकाला लॅगून, म्हणजे समुद्राला जोडलेलं मोठं तळं.

आता गर्दीचं. टर्मिनल वर्षाला २५ लाख प्रवाशांसाठी बांधलेलं. मी आधी सगळ्यांना सांगत फिरायचो की हा शुद्ध माज आहे, डच बाजूची जमीन सगळी मिळून ३४ चौरस किलोमीटर, २५ लाख माणसं आणणार कुठून? हे मत मागे घेतोय. एकतर २०१५ मध्येच, वादळाच्या आधी, १८ लाखांच्या आसपास माणसं इथून गेली-आली होती. दुसरं म्हणजे ही सगळी या बेटाची नाहीतच. शेजारच्या सेंट बार्ट्स बेटाचा रनवे ६५० मीटर, तिथे जेट उतरत नाही, त्यामुळे तिथले बडे लोक इथे उतरून छोट्या विमानात बसतात. साबा, स्टेशिया, अँग्विला, आसपासच्या सगळ्या बेटांचं मोठं स्टेशन हेच. म्हणजे आपलं कल्याण जंक्शन म्हणा. कल्याणची गर्दी काय फक्त कल्याणकरांची असते का!

आणि ही गर्दी वर्षभर सारखी नाही, ते मला विमानतळापेक्षा गल्ल्यावरून आधी कळतं. डिसेंबर ते एप्रिल अमेरिकेतून, युरोपातून रेटून माणूस येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात वादळाच्या भीतीने बेट ओस, कितीतरी हॉटेलं दुरुस्तीच्या नावाखाली बंदच. क्रूझवाले वेगळे, ते वर्षाला दहा लाखांच्या वर बंदरात उतरतात, चेन बघतात, भाव विचारतात आणि संध्याकाळी जहाजात परत जातात, त्यांचा विमानतळाशी संबंध नाही. पण सीझनचा शनिवार विमानतळावर म्हणजे कहर. टाइमशेअरवाल्यांचा (म्हणजे रिसॉर्टमधली खोली वर्षातल्या ठराविक आठवड्यापुरती घेतलेल्यांचा) आठवडा संपतो, जुने निघतात, नवे येतात, भाड्याच्या गाड्या परत करायची झुंबड. हे सगळं मला माहीत असून मी शनिवारी निघालो, तेही बसने. टॅक्सीला वीस डॉलरच्या वर जातात, बसला दोन-तीन. सेठ विमानाचं तिकीट देतात, टॅक्सीचे पैसे देत नाहीत, आता सांगा.

तर पूल. नकाशा बघा. विमानतळ एका चिंचोळ्या पट्टीवर आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सिम्पसन बे लॅगून. फिलिप्सबर्गहून कोल बेची टेकडी उतरून तिकडे जायचं तर लॅगूनच्या तोंडावरचा पूल ओलांडावा लागतो आणि तो पूल उघडतो. दिवसातून ठराविक वेळांना, यॉट आत-बाहेर सोडायला. दिवा स्टेशनच्या रेल्वे फाटकाला शिव्या घालत अख्खं कॉलेज काढलं, म्हटलं सुटलो एकदाचा, आणि चौदा हजार किलोमीटर लांब येऊन नशिबात परत फाटकच! दिव्याला निदान समोरून लोकल जायची, तिच्यात आपलीच माणसं लोंबकळत असायची.

त्या दिवशी विमान दोनचं. मी बाराला बसमध्ये. इथली बस म्हणजे व्हॅन, नंबरप्लेटवर बस लिहिलेलं, चढताना सगळ्यांना गुड आफ्टरनून म्हणायचं, नाही म्हटलं तर म्हाताऱ्या बायका वळून बघतात. सुटकेसचा एक डॉलर जास्त, ती मांडीवर. भरल्याशिवाय बस हलेना, त्यात पंधरा मिनिटं. टेकडीवर गाड्यांची रांग, आणि शेवटी पुलाच्या पाच-सहा गाड्या मागे असताना घंटा वाजली, आडवा दांडा खाली. रस्ता हळूहळू उभा राहिला. मग ती यॉट. पांढरीशुभ्र, तीन मजली, आमच्या बसच्या खिडकीतून तिचं एक टोक दिसत होतं तर दुसरं यायचंच होतं. डेकवर एक पोरगा फडक्याने रेलिंग पुसत होता, अगदी निवांत, एकच जागा परत परत. ती गेली, तिच्यामागे दुसरी, मग दोन शिडाच्या बोटी, मग एक एवढीशी होडी जी मला वाटतं पूल न उघडताही गेली असती. ड्रायव्हरने इंजिन बंद करून आंबा कापायला घेतला. मी घड्याळ बघणं सोडून दिलं.

एक वाजून बारा मिनिटांनी काउंटरवर पोचलो. काउंटर एकला बंद. एअरलाइनचं नाव घेत नाही, नियम त्यांचाच बरोबर होता, पण दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाचे वर नव्वद डॉलर घेतले. वीस वाचवायला गेलो आणि नव्वद घालवले, वर परत घरी जायला टॅक्सीच करावी लागली कारण पाय उचलेनात. सेठ म्हणाले, “अरे भाई, ब्रिज का टाइम देख के निकलते हैं ना.” अडीच वर्षांत हे पहिल्यांदा सांगितलं!

राग शांत झाल्यावर चौकशी केली तर कळलं दुसरा रस्ता आहे, लॅगूनवरचा कॉजवे, म्हणजे पाण्यावरून बांधलेला रस्ता, २०१३ च्या डिसेंबरात उघडलेला. इतके दिवस माझी बस तिकडून जात नव्हती म्हणून मला तो फक्त लांबून दिसायचा. म्हटलं झालं, प्रश्न मिटला, पुलाबद्दलचं वरचं सगळं खोडावं. पुढच्या खेपेला मित्राच्या गाडीतून मुद्दाम तिकडून गेलो. तोही पूल उघडतो. यॉटला लॅगूनच्या पलीकडच्या भागात जायचं असतं ना. त्यामुळे काही खोडत नाही. फक्त तिकडे त्या दिवशी थांबावं लागलं नाही हे कबूल.

माझं म्हणणं एवढंच आहे की टर्मिनल २५ लाखांचं आणि तिकडे जाणारा रस्ता दोन पदरी, मधोमध उचलता येणारा. यात कोणाला मूर्ख म्हणायचं नाही, हिशेब मला कळतो. मदतीचा पैसा वादळात मोडलं ते परत उभारायला आला. विमानतळ मोडला, त्याला मिळाला. रस्ता मोडला नव्हता, तो फक्त पुरत नाही, आणि न पुरणाऱ्या गोष्टीला वादळाचा पैसा कोण देणार! शिवाय यॉटवाले पूल ओलांडायची फी भरतात. मी काही भरत नाही, सबब मी थांबतो.

बाकी किरकोळ. आत खायचं महाग आहे, घरून पोळीचा रोल न्यायचा. डॉलर सगळीकडे चालतो, सुटे मात्र इथल्या चलनात, नवीन गिल्डरमध्ये, हातात पडू शकतात, ते २०२५ च्या मार्चअखेर आले, डॉलरला १.७९, मोजून घ्या. इमारतीला पाचपैकी साडेचार. पोचण्याला दीड, आणि तो दीडसुद्धा आंब्याची फोड मलाही दिली म्हणून.

दुकानात कालनिर्णय टांगलंय, आईने पाठवलेलं. त्यावर एकादशी-चतुर्थीच्या खाली आता पेन्सिलने पुलाच्या वेळा लिहिल्यात. गणपतीला घरी जायचं तिकीट ॲमस्टरडॅमवरून काढतोय, ऐन वादळाच्या महिन्यातलं, तेव्हा यॉट बहुतेक बेट सोडून गेलेल्या असतात. टॅक्सीचे पैसे मागून बघितले. सेठ म्हणाले, तब तो बस खाली जाती है.