‘भाजी खाऊनच जगतं हो’ : कासवाच्या पिल्लापायी मी कशी फसले

शंका पहिल्यांदा आली ती अंगठ्याला. पिल्लाला कोमट पाण्यातून उचलताना पाठीचं कवच किंचित आत दबलं आणि पातळ प्लास्टिकच्या डबीसारखं परत वर आलं. घरी आणून तेव्हा चार महिने झाले होते. विकणाऱ्याला लगेच मेसेज टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं, “ताई, लहान वयात मऊच असतं. कवच कडक करायचं टॉनिक पाठवतो.”

मी ते टॉनिकही घेतलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना मला कुणी शहाणी समजायला नको.

या माणसाचं कसब असं की त्याच्या प्रत्येक थापेत थोडं खरं असायचं. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतं, हे खरंच आहे. पण ते दिवसागणिक टणक होत जायला हवं, आमचं उलटं चाललं होतं. जमिनीवरचं हे कासव शाकाहारी आहे, हेही खरं. त्यावर त्याने रचलेलं वाक्य होतं, “घरात भाजी चिरता ना, त्यातलंच द्यायचं. काकडी, टोमॅटो, पालक. भाजी खाऊनच जगतं हो!” आणि जात म्हणे बुटकी, जन्मभर तळहाताएवढीच राहणार.

सोबत ‘संपूर्ण संच’ होता: काचेची पेटी, जांभळट उजेडाचा दिवा आणि खाद्याच्या गोळ्यांचा डबा. सगळं एकाच ठिकाणी मिळतंय म्हणून मी खूश. कागदपत्रांचं विचारलं तर एक झेरॉक्स दिली. तिच्यावर जातीचं नावच नव्हतं, आणि तेही माझ्या लक्षात आलं नाही. (कासव पाळायला आपल्या इथला कायदा परवानगी देतो का, हे पैसे मोजायच्या आधी बघायचं असतं. मी तेही नंतर बघितलं.)

पिल्लू खायचं मात्र हावरटासारखं. टोमॅटोची फोड दिसली की मान लांब करून येणार, करकचून चावा घेणार, पुढच्या पायाने फोड दाबून धरणार आणि हनुवटीवरून लाल रस गळणार. आम्ही व्हिडिओ काढायचो. एक त्या विक्रेत्यालाही पाठवला, वर ‘खूप छान खातंय, धन्यवाद’ असं लिहून.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर शोधून त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी एक्स-रे काढला. हाडं इतकी फिकट की कडा शोधाव्या लागत होत्या. मग विचारलं, “काय घालता?” मी अभिमानाने यादी सांगितली. त्यांनी कागद ओढून आकडे मांडले, ते माझ्या अजून डोक्यात आहेत. कासवाच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या निदान दुप्पट लागतं. 100 ग्रॅम काकडीत कॅल्शियम सुमारे 16 मिलिग्रॅम, फॉस्फरस 24. टोमॅटोत 10 आणि 24. म्हणजे दोन्हीकडे हिशेब उलटा, आणि काकडी तर 95 टक्के पाणीच. पालकात कॅल्शियम 99 मिलिग्रॅम असतं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते बांधून ठेवतं, अंगी फारसं लागतच नाही. वर टोमॅटोची साखर. गवत-पाला आंबवून पचवणाऱ्या त्या आतड्याला ती झेपत नाही.

“आणि हे बुटकं वगैरे काही नाही,” त्या म्हणाल्या. आमचं पिल्लू सुल्काटा, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेला राहणारी आफ्रिकी जात. पूर्ण वाढलेला नर 50 किलोंच्या पुढे जाऊ शकतो. तळहाताएवढं ते राहिलं असतं, पण उपासमारीने. त्याचं मुख्य खाणं म्हणजे गवत, पिल्लासाठी बारीक कातरलेलं. जोडीला तुतीचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेला निवडुंग, डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या रानझुडपाची पानं (कॅल्शियम 187, फॉस्फरस 66, हा खरा हिशेब). सगळं फवारणी न केलेलं. पेटीत कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (माकूळ या समुद्री जीवाच्या आतल्या कवचाचा) तुकडा ठेवायचा, हवं तेव्हा पिल्लू तो कुरतडतं.

मग दिव्याची पाळी. त्यांनी मीटर धरला, काटा जागचा हलला नाही. कॅल्शियम पचायला डी-3 जीवनसत्त्व लागतं आणि कासवाच्या कातडीत ते युव्हीबी, म्हणजे उन्हातल्या एका प्रकारच्या अतिनील किरणांनी तयार होतं. आमचा दिवा निव्वळ जांभळा होता. “पण पेटी खिडकीपाशी असते, ऊन येतं,” मी म्हटलं. खिडकीची काच युव्हीबी अडवते, हे मला तिथे कळलं. खऱ्या युव्हीबी ट्यूबवर टक्केवारी छापलेली असते आणि उजेड दिसत राहिला तरी साधारण वर्षभरात ती बदलावी लागते. टॉनिक डॉक्टरांनी बोटावर घेतलं, चिकट गोड सरबत. तेही बंद.

डब्याचा उलगडा मी घरी केला. लेबल जरा जाड वाटत होतं. किटलीच्या वाफेवर धरलं तर अख्खं निघून आलं, आणि खाली चित्र: पाण्यात पोहणारं, पायाच्या बोटांमध्ये पडदा असलेलं कासव. चार गोळ्या गरम पाण्यात टाकल्या. घरभर मासळीचा वास सुटला. गवत खाणाऱ्या पिल्लाला मी चार महिने पाण्यातल्या कासवाचं खाद्य घालत होते.

एवढं कळल्यावर सगळं एका दिवसात सुधारेल असं वाटलं होतं. कुठलं काय! पिल्लाने गवताकडे ढुंकून पाहिलं नाही. तोंड फिरवून रोजच्या काकडीच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं. शेवटी डॉक्टरांनी युक्ती सांगितली: काकडी किसायची, तिचा रस कातरलेल्या पाल्याला चोळायचा आणि रोज किस थोडा कमी करायचा. अकराव्या दिवशी त्याने जास्वंदीचं कोरडं पान ओढून नेलं. मी ओट्यावरच्या काट्यावर दर रविवारी वजन करते, वहीत लिहिते. कवच आता अंगठ्याला दबत नाही. पाठीवर उठलेले कवचाचे उंचवटे मात्र आता राहणार. 2003 साली याच जातीच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात कोरड्या हवेचा त्यात मोठा हात दिसला होता, आणि आमची पेटी म्हणजे भट्टीच होती.

विक्रेत्याला एक्स-रे पाठवला. निळ्या खुणा उमटल्या आणि त्याने मला ब्लॉक केलं. गेल्या आठवड्यात मुलीच्या फोनवर त्याची नवी जाहिरात आली: ‘बुटकं कासव, भाजी खाऊन जगतं, समाधानी ग्राहकाचा व्हिडिओ बघा.’ हनुवटीवरून टोमॅटोचा लाल रस गळतोय, पुढच्या पायाखाली फोड दाबून धरली आहे, आणि मागे आमच्या हॉलची लादी दिसते.