लांबची नोकरी की आजचा धडा?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-निपाणीकडच्या मागच्या पिढीला अभ्यासाला लागायला एवढं पुरायचं: दहावी झाली की लष्कराच्या मराठा लाइट इन्फंट्रीची भरती, नाहीतर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम. ध्येय लांबचं, पण डोळ्यांसमोरचं.

आजच्या मुलापुढे वाटा ढीगभर, म्हणून 'शिकलास तर नोकरी लागेल' त्याला भिडतच नाही. आज काय जमलं, हे आजच दिसावं लागतं. कन्नडचंच बघा. मराठी माध्यमाची मुलं अडतात ती जोडाक्षरांत: 'अम्मा' लिहिताना दुसरा 'म' खाली जातो, तोही वेगळ्याच आकारात. 'तासभर कन्नड कर' म्हटलं की वही मिटते. त्यापेक्षा रोज पाच शब्द ऐकून लिहायला द्या. चुकलेले दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी. पाचाचे दहा करायची घाई नको, तिथेच मुलं सोडतात.

लहान वर्गांना हीच पद्धत योग्य. दहावीला मात्र भरतीचे निकषही दाखवा.