धातूचा सांधा की त्याचंच हाड?

भाचा अकरा वर्षांचा. गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या हाडात ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. आणि तो ऑटिस्टिक आहे. डॉक्टरांनी पर्याय सांगितले ते पायाचे. निवडताना दादा-वहिनीला बघावा लागला पोराचा स्वभाव. नाशकात आणखी कुणाच्या घरी हा पेच पडला असेल, म्हणून आत्याच्या नात्याने लिहितेय.

आधी बायोप्सीचं, म्हणजे गाठीचा तुकडा तपासायला काढतात त्याचं. ज्या सर्जनकडे शस्त्रक्रिया होणार, शक्यतो त्यांच्याकडूनच ती करून घ्या. सुई ज्या वाटेने आत जाते तेवढा भाग पुढे गाठीबरोबर काढायचा असतो. भलत्या जागी छेद गेला तर पाय वाचवणं अवघड होतं. केमो मात्र कुठल्याही पर्यायात चुकत नाही: आधी अडीच-तीन महिने, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो.

पहिला पर्याय, गाठीचं हाड काढून त्या जागी धातूचा सांधा. त्याचा मोठा फायदा म्हणजे मूल काही दिवसांतच पाय टेकून उभं राहतं. तोटे पुढे येतात. गुडघ्याजवळ मांडीचं हाड वर्षाला साधारण १ सेंटीमीटर वाढतं, धातू वाढत नाही. लांबवता येणारे सांधे मिळतात, पण बरेच महाग. शिवाय सांधा सैल होणं, जंतुसंसर्ग, म्हणजे आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया आलीच. ज्या मुलाला ‘दुखतंय’ हेच सांगता येत नाही, त्याचा संसर्ग ओळखायचा कसा, ही वहिनीची खरी धास्ती.

दुसरा मार्ग ऐकून मी थक्कच झाले. गाठीचं हाड कापून बाहेर काढतात, स्वच्छ करून ५० ग्रे (हे रेडिएशनचं माप) एवढं रेडिएशन एकाच वेळी देतात आणि त्याच शस्त्रक्रियेत पट्ट्या-स्क्रूंनी परत बसवतात. मात्र हाड फार पोखरलेलं नको, आणि स्वतःचा सांधा राखायचा तर गाठ त्याच्यापासून थोडी दूर हवी. ते एमआरआयवर कळतं. भाच्याचं दोन्ही बाबतींत जमत होतं. पण हाड जुळायला कित्येक महिने लागतात आणि तोवर पायावर भार टाकायचा नाही.

इथेच आमचं घोडं अडलं. हाड मोडू नये म्हणून त्याला आधीच गुडघ्याचा पट्टा दिला होता. पहिल्या संध्याकाळी त्याने तो चौदा वेळा सोडला. वेल्क्रोचा तो चर्र आवाज त्याला सहन होत नाही. मग वहिनीने वेल्क्रोवरून सुती कापड शिवलं, तेव्हा तो पट्टा रात्रभर राहिला. पण महिनोन्‌महिने पाय टेकू नकोस, हे त्याला कोण पटवणार?

तिसरा पर्याय रोटेशनप्लास्टी: घोटा उलटा फिरवून त्याचाच गुडघा करतात. फोटो पाहून मी मान फिरवली, ते चुकलंच माझं. लहान मुलं त्यावर पळतात, खेळतात. पण कृत्रिम पाय रोज चढवावा लागतो, आणि आमच्याकडे मोज्याची शिवणसुद्धा टोचते.

आम्ही धातूचा सांधा घेतोय. मुलाला थांबणं समजत असतं, तर मी त्याच्याच हाडाच्या बाजूने बोलले असते.

ऑटिझमच्या थेरपीचं केंद्रही मुलाचा स्वभाव बघूनच निवडा. आधीच्या केंद्रात पालकांना बाहेर बाकावर बसवत; आत काय चाललंय, पत्ता नसे. आताच्या ताई वहिनीला शेजारी बसवतात, घरी काय करायचं ते लिहून देतात. थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहेत का आणि केमोच्या आठवड्यांत घरी येतील का, हे मी आधी विचारेन. खेळण्यांची खोली नंतर बघू.

पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. ऑटिझमचा दाखला असेल तर निरामय हा आरोग्य विमाही काढा, वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं.

परळला जायच्या दिवसासाठी ताईंनी चित्रांची पट्टी केलीय: पंचवटी एक्सप्रेस, कसाऱ्याचा बोगदा, पलंग, मास्क, शेवटी वेफर्स. काल त्याने वेफर्सचं चित्र उचलून मास्कच्या आधी लावलं. उपाशीपोटी न्यायचंय, तेव्हा ताईंनी ते परत शेवटी ठेवलं. त्याने पुन्हा पुढे आणलं.